वीस गुंठ्यांच्या तळ्यात शिवडा शिरलाय, बोटुकली (सोडलेली बोटभर पिल्लं) गायब. हा मासा राहतो कसा आणि काढायचा कसा?

इंदापूरवाला

नमस्कार मंडळी. घर पुण्यात, शेती इंदापूर तालुक्यात उजनीच्या फुगवट्याला लागून. वीस गुंठ्यांचं मातीचं तळं आहे, कागद अंथरलेला नाही. पाणी सरासरी पाच फूट. ते धरणातूनच मोटारीने उचलतो. सक्शनला फूटव्हॉल्व्ह आणि त्याची नेहमीची जाळी, बाकी काही नाही. मागच्या उन्हाळ्यात तळं पूर्ण आटलं नव्हतं, दोन-अडीच फूट पाणी तळाशी होतं.

ऑगस्टअखेर कटला, रोहू, मृगळ मिळून १,५०० नग सोडले, दोन ते तीन इंची. आता डिसेंबरात ओढजाळ फिरवलं तर साडेतीनशेच्या आसपास दिसतात. त्यात कटला बऱ्यापैकी, मृगळ नावाला. मेलेले मासे तरंगताना दिसले नाहीत. जाळ्यात एक लांब, चपटा, रुपेरी, बिनखवल्याचा मासा आला होता, अंदाजे दोन फुटी. जाळं काठाला यायच्या आत उसळी मारून पसार.

गडी म्हणतो शिवडा, शेजारी म्हणतात मांगूर. ओळखायचा कसा? धरणातला मासा तळ्यात आला कुठून? इथे अंडी घालून वाढेल का? एकटा मासा हजारभर पिल्लं खातो का? आणि उरलेले मासे न मारता याला काढायचं कसं?

मुठाकाठ

वर्णनावरून शिवडाच वाटतो, पण पुढच्या वेळी हाताला लागला तर आधी मिशा मोजा. शिवड्याला दोनच जोड्या. वरची जोडी इतकी लांब की मागे वळवली तर पोटाखालचा पर जिथे सुरू होतो त्याच्याही पुढे जाते. खालची जोडी आखूड, हनुवटीखाली. मांगुराला चार जोड्या असतात, डोकं वरून दाबल्यासारखं चपटं आणि हाडाचं, आणि पाठीवरचा पर डोक्यामागून जवळजवळ शेपटीपर्यंत. शिवड्याच्या पाठीवर मात्र एक छोटासा ताठ तुरा, पाचेक किरणांचा. त्याचा लांब पर खाली असतो, गुदद्वारापासून थेट शेपटीजवळ. अंग दोन्ही बाजूंनी चपटं, मागे निमुळतं होत गेलेलं.

मरळीला खवले असतात आणि मिशा नसतात, त्यामुळे तो घोटाळा होणार नाही. शिंगट्याला पाठीवर काटा असतो आणि शेपटीच्या अलीकडे एक मांसल पर. खरा गोंधळ लहानपणी होतो, शिवडा आणि पाबदा (ओम्पोक) यांच्यात. वीतभर आकाराचे दोन्ही सारखेच दिसतात. तिथे तोंड बघा. शिवड्याची जिवणी डोळ्याच्या मागेपर्यंत फाटलेली असते. पाबद्याची डोळ्यापर्यंत जेमतेम पोचते. शिवड्याचा डोळा जिवणीच्या कोपऱ्याच्या वर असतो, मासा उताणा केला तर खालून दिसत नाही. पाबद्याचा दिसतो. पाबद्याला कल्ल्यामागे खांद्यावर एक काळसर डागही असतो बऱ्याचदा.

हा फरक कळणं कामाचं आहे, कारण पाबदा फार तर दीड फुटाच्या आत थांबतो आणि तळ्याचं एवढं नुकसान करत नाही.

शेजाऱ्यांच्या तळ्यात आफ्रिकन मांगूर असेल तर ती निराळीच भानगड. त्याच्या संवर्धनावर देशात बंदी आहे, राष्ट्रीय हरित लवादानेही त्यावर आदेश दिलेले आहेत. तो सापडला तर मारायचा. धरणात किंवा ओढ्यात सोडायचा नाही.

इंदापूरवाला

गड्याने मोबाईलवर काढलेला फोटो मोठा करून पाहिला. पाठीवर छोटा तुराच आहे, जिवणी डोळ्याच्या मागे गेलेली स्पष्ट दिसते. मिशांची एक लांब जोडी दिसते, खालची दिसत नाही. म्हणजे शिवडा.

भीमथडी

हो, शिवडाच. शास्त्रीय नाव वॅलागो अट्टू. पाकिस्तानपासून भारत, नेपाळ, श्रीलंका, बांगलादेश करत आग्नेय आशियापर्यंत सापडतो. पुस्तकांत कमाल लांबी २.४ मीटर दिलेली असते. आपल्याकडे बाजारात येतात ते बहुतेक दोन-तीन फुटी. मासा सडपातळ असल्याने लांबीच्या मानाने वजन कमी भरतं: दोन फुटी साधारण सव्वा किलो, तीन फुटी चार किलोच्या आसपास. धोक्यातल्या प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत आता 'असुरक्षित' गटात आहे, तेव्हा शत्रू म्हणून बघताना एवढं लक्षात असू द्या.

याचं राहणं समजलं की तुमच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळतात.

दिवसा हा हलत नाही. काठाखालची कपार, बुडालेलं खोड, पडकी भिंत अशी जागा धरून बसतो. उजनी १९८० साली पूर्ण झाली आणि पाणी जुन्या गावठाणांवर चढलं. त्या भिंती, विहिरी, बाभळीची खोडं अजून खाली आहेत. पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं ते सगळ्यांना माहीत आहे. तसल्याच जागा शिवड्याला लागतात. दुसरी गोष्ट, उजनीचा एकूण साठा ११७ टीएमसी आणि त्यातला मृतसाठाच ६३ टीएमसीच्या वर. म्हणजे बातम्यांत 'धरण मायनसमध्ये' आलं तरी मोठ्या माशाला लपायला भरपूर पाणी उरतं. उलट त्या दिवसांत चिलापी (तिलापिया) आणि बारीक मासळी कमी पाण्यात दाटीने येते आणि शिवड्याची चंगळ होते. पावसाळ्यात पाणी पसरलं की शिकार विखुरते.

दिवस मावळला की बाहेर पडतो. डोळे बारीक आहेत, गढूळ पाण्यात त्यांचा फारसा उपयोगही नाही. मिशा आणि अंगावरची संवेदन-रेषा यांवर सगळं चालतं. पाठलाग लांबवर करत नाही. शिकार टप्प्यात आली की जबडा एकदम उघडतो, पाण्याबरोबर मासा आत ओढला जातो. जबड्यावर दातांचे रुंद पट्टे आहेत, तारेच्या ब्रशसारखे बारीक आणि आत वळलेले. ते चावायला किंवा तोडायला नाहीत, धरलेला मासा मागे सुटू नये म्हणून आहेत. हा तुकडे करू शकत नाही, अख्खं गिळतो. त्यामुळे काय खाणार हे शिकारीच्या जाडीवर ठरतं.

ठोकताळा असा धरा: स्वतःच्या लांबीच्या चौथ्या हिश्शाएवढा मासा सहज जातो, तिसऱ्या हिश्शाएवढा जमला तर. दोन फुटी शिवड्याला सहा इंची मासा आरामात, आठ इंची ताणून. त्याच लांबीचा कटला उंच अंगाचा असतो म्हणून लवकर सुटतो. मृगळ लांबट, तोही तळाशी चरणारा, म्हणजे शिवड्याच्याच मजल्यावर. तुमच्या जाळ्यात कटला जास्त आणि मृगळ नावाला, हे त्यामुळेच.

आता आला कुठून. शिवड्याची वीण पावसाळ्यातली. पहिल्या पुराला चढणीला लागतो, धरणातून नदीत, ओढ्यात, नुकत्या बुडालेल्या गवताळ काठावर जातो आणि उथळ पाण्यात अंडी टाकतो. मोठी मादी लाखांनी अंडी देते आणि देऊन निघून जाते. राखण वगैरे काही नाही. ऊबदार पाण्यात साधारण एका दिवसात अंडी फुटतात. पोटाखालची पिवळी पिशवी दोन-तीन दिवसांत संपत आली की पिल्लं लगेच एकमेकांना खायला लागतात. आपल्याच आकाराचं भावंड शेपटीकडून धरतात. निम्मं आत, निम्मं तोंडाबाहेर लोंबतंय अशी पिल्लं हॅचरीच्या टाकीत सर्रास दिसतात. म्हणून तर शिवड्याचं बीज तयार करणं एवढं जिकिरीचं. आकारवार निवड सतत करावी लागते, नाहीतर टाकीत शेवटी मोजकी गलेलठ्ठ पिल्लं उरतात.

ही पिल्लं सुरुवातीला चार-सहा मिलिमीटरची असतात. फूटव्हॉल्व्हच्या जाळीची भोकं त्याहून मोठी. मोटारीच्या पंख्यात काही मरतात, पण एवढ्या बारीक जिवातली बरीच सुखरूप पलीकडे जातात. जून ते ऑगस्ट धरणातून उचललेलं पाणी म्हणजे बीजासकट पाणी.

पण तुमचा दोन फुटी मासा या पावसाळ्यात आलेला नाही. शिवडा झपाट्याने वाढतो, पहिल्या वर्षात फुटाच्या पुढे जातो, पण चार महिन्यांत दोन फूट होत नाही. तो निदान गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातला. उन्हाळ्यात तळाशी राहिलेल्या दोन-अडीच फूट पाण्यात त्याने दिवस काढले, आणि तुम्ही ऑगस्टमध्ये त्याच्या ताटात तीन इंची बोटुकली वाढली.

इथे अंडी घालेल का? वीस गुंठ्यांच्या बंद, साचलेल्या पाण्यात शक्यता फार कमी. त्याला पुराचं नवं पाणी आणि पसरायला जागा लागते. तळ्यात वीण करवायची तर संप्रेरकाचं इंजेक्शन द्यावं लागतं. मरळीचं उलट असतं: ती साचलेल्या तळ्यातच गवतात घरटं करते, तरंगती अंडी आणि पिल्लांचा थवा नर-मादी राखतात. तळ्यात मरळ असती तर दरवर्षी वाढली असती. शिवड्याचे जेवढे आले तेवढेच आहेत.

राहिला हजार पिल्लांचा हिशेब. कोमट पाण्यात या आकाराचा शिकारी मासा रोज वजनाच्या ढोबळ तीन टक्के खातो असं धरा. सव्वा किलोला ३५ ते ४० ग्रॅम. तीन इंची बोटुकलं तीन-चार ग्रॅमचं, म्हणजे रोज दहा. दीड महिन्यात साडेचारशे. पुढे पिल्लं मोठी होतात, नग कमी लागतात, आणि डिसेंबरात पाणी गार झालं की भूकही उतरते. तर एकट्याने हजार नाही. एक तर दोन-तीन शिवडे आहेत, किंवा निम्मं नुकसान दुसऱ्या कुणी केलंय.

कोथरूडचा_गळ

पण बगळ्यांच्या पायाला चिकटून अंडी येतात असं गावाकडे सगळेच सांगतात. आणि खडकवासल्यातही शिवडा आहे का?

मुठाकाठ

पायाला चिकटून येण्याची गोष्ट नव्या तळ्यात मासे दिसले की हटकून निघते. मोटार, पूर आणि माणसाचा हात हे तीन रस्ते समोर असताना बगळ्याला कशाला ओढायचं? शिवड्याच्या बाबतीत तर वीण पुराच्या पाण्यात, अंडं दिवसात फुटणारं. बगळा तिथून उचलून तळ्यात आणेपर्यंत जिवंत राहायचं तर योगायोग फारच जुळून यावे लागतील.

पक्षी दुसऱ्या अर्थाने मात्र संशयित आहेत, आणि भीमथडींनी म्हटलेलं उरलेलं नुकसान तिथे शोधा. भिगवणच्या बाजूला पाणकावळ्यांची कमतरता नाही. मोठा पाणकावळा दिवसाला अर्धा किलोच्या आसपास मासे खातो, छोटा त्याहून पुष्कळ कमी, पण छोटे थव्याने येतात. तीन-चार ग्रॅमच्या बोटुकल्यांवर थवा आठवडाभर रोज सकाळी बसला तर शिवड्याच्या महिन्याभराचं काम उरकतो. त्यासाठी तळ्यावर फूट-दीड फूट अंतराने नायलॉनचे दोर ताणतात, निदान पहिले दोन महिने.

शिवाय वाहतुकीतली मर असते. ऑक्सिजनच्या पिशवीतून आणलेलं बीज पाण्याचं तापमान न जुळवता ओतलं तर पहिल्या दोन-तीन दिवसांत बरंच मरतं, आणि एवढी बारीक पिल्लं तळाला जातात, तरंगत नाहीत. 'मेलेले दिसले नाहीत' यावर विसंबू नका. पुढच्या वेळी पंचवीस नग हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात, वेगळे ठेवा. दोन दिवसांनी त्यातले किती जगले त्यावरून तळ्यातला आकडा कळतो. हे न करता सगळं खापर शिवड्यावर फोडणं सोपं असतं.

खडकवासल्याचं: मुठेचं पाणी शेवटी भीमेतच जातं, मासा याच खोऱ्यातला आहे. पण खडकवासल्याचा उपयुक्त साठा दोन टीएमसीच्या आत आणि पातळी सारखी वर-खाली. उजनीशी तुलनाच नको. तिथे गळ टाकण्याआधी परवानगीचं बघा. धरणातली मासेमारी परवान्यावर आणि ठेक्यावर चालते, शिवाय काही काठ प्रतिबंधित आहेत.

गाळपेर

काढायचं कसं यावर येतो. सगळ्यात आधी: आत्ता विष घालू नका. तुमचे उरलेले मासे शंभर-दीडशे ग्रॅमचे झाले असतील, म्हणजे आठ-नऊ इंची. दोन फुटी शिवड्याच्या टप्प्यातून ते जवळपास बाहेर पडलेत. नुकसान व्हायचं ते ऑगस्ट-ऑक्टोबरात होऊन गेलं. साडेतीनशे चांगले मासे एका माशापायी घालवण्यात अर्थ नाही.

आत्ता गळ लावा. सांजेला लावायचा, सकाळी बघायचा. आमिष जिवंत चिलापी, तीन-चार इंची, पाठीच्या तुऱ्याखालून गळ घातलेली म्हणजे पोहत राहते. नसेल तर कोंबडीची आतडी, पण त्याला खेकडे आणि कासवं आधी लागतात. गळाच्या वर वीतभर बारीक स्टीलची तार घ्या. दात नायलॉन कापत नाहीत, पण रात्रभर घासून झिजवतात आणि पहाटे तुटलेला दोर मिळतो. जागा म्हणजे खोल खड्ड्याची कड आणि मोटारीचं पाणी पडतं तो कोपरा. आमिष तळापासून फूटभर वर. दोराचं टोक खुंटीला सरळ बांधू नका, मध्ये सायकलच्या ट्यूबचा तुकडा टाका, पहिला हिसका तो खातो. वर आल्यावर तोंडात बोट घालू नका. ओलं गोणपाट टाकून धरा.

ओढजाळात तुमचा मासा का निसटला तेही सांगतो. शिवडा आधी खाली बघतो: तळाला चिकटून शिशाच्या दोराखालून जातो, मातीच्या तळ्यात खाचखळगे असतातच. तिथे जमलं नाही तर शेवटच्या दहा-पंधरा फुटांत, जाळं आवळत आलं की, बोयांच्या दोरावरून उडी. तेव्हा जाळं तळ्याच्या रुंदीच्या दीडपट लांब हवं, मध्ये पोट सुटलेलं. खालच्या दोराला शिसं कमी असेल तर साखळी बांधा आणि दोन माणसं पायाने दोर दाबत चालवा. वरच्या दोरामागे आणखी दोघांनी तीन फुटी जाळ्याची पट्टी उभी धरायची. पाच फूट पाण्यात हे नीट जमत नाही. आधी पाणी दोन फुटांवर आणा. तळ्याचं पाणी उसाला चालतंच, वाया जात नाही.

पूर्ण सफाई एप्रिल-मेमध्ये, मासे विकून झाल्यावर. शिवड्याला मरळीसारखा हवेतून श्वास घेता येत नाही, त्यामुळे तळं खरोखर आटवलं की तो संपला. चिखलातही टिकत नाही. तळाला भेगा पडेपर्यंत उन्हात तापू द्या. मधल्या खड्ड्यात पाणी राहिलं तर मात्र तेवढ्यातही दम धरून बसतो, आणि तुमच्या तळ्यात गेल्या वर्षी तेच झालेलं दिसतंय.

आटवणं शक्यच नसेल, झरे असतील, तर मोहाची पेंड. मात्रा घनमीटरला २५० ग्रॅम. तुमचं वीस गुंठे म्हणजे सुमारे २,००० चौरस मीटर. पाणी दोन फुटांवर आणलं तर १,२०० घनमीटर, म्हणजे ३०० किलो पेंड. पाच फूट ठेवून घातली तर साडेसातशे किलो लागेल, म्हणून आधी पाणी उतरवायचं. पेंड रात्रभर भिजवायची, सकाळी ऊन चढताना सगळीकडे सारखी फेकायची, मग जाळं फिरवून पाणी ढवळायचं. पेंडीतलं सॅपोनिन कल्ल्यांतून रक्तात जातं आणि तांबड्या पेशी फोडतं. काही तासांत मासे वर येतात. तिथेच थांबून वेचा, बुडालेले मागाहून कुजतात. खेकडे आणि झिंगे याने फारसे मरत नाहीत, तेव्हा ते जिवंत दिसले म्हणून पेंड खोटी असं समजू नका. विषारीपणा पंधरा-वीस दिवस राहतो, पुढे तीच पेंड खत होते.

ब्लिचिंग पावडर स्वस्त आणि लवकर उतरते. तेवढ्याच १,२०० घनमीटर पाण्याला ४२ किलो, ३० टक्के क्लोरिनवाली. पोतं कधी फोडलंय ते विचारा. उघडं राहिलेल्या पावडरीतला क्लोरिन उडून गेलेला असतो आणि मात्रा बरोबर घालूनही मासे हसत फिरतात. प्लास्टिकच्या बादलीत कालवा, नाकातोंडाला फडकं नको, चांगला मास्क लावा. आठवडाभराने पाणी निवळतं.

दोन्हींत एक अट: तळ्याचा सांडवा बंद. हे पाणी धरणात, ओढ्यात किंवा विहिरीत एक थेंब जाता कामा नये. खाली जनावरं पाणी पीत असतील तर आटवण्याचाच मार्ग धरा. आणि वायर टाकून करंट देणारे महाभाग असतात, त्यांच्या नादी लागू नका. त्यात माणसं मरतात.

इंदापूरवाला

आटवणारच आता. पण जूनमध्ये पुन्हा धरणातलंच पाणी भरायचंय. फूटव्हॉल्व्हला मच्छरदाणीचं कापड बांधलं तर चालेल? आणि चुना किती टाकू?

गाळपेर

मच्छरदाणीची भोकं मिलिमीटरच्या वर असतात, बारीक पिल्लू आरपार जातं. आणि सक्शनला बारीक कापड बांधलं की उजनीचं शेवाळ त्यावर बसून मोटार हवा ओढते, सील जळतं. सक्शनला जाडी जाळीच ठेवा. बारीक गाळणी पाणी पडतं त्या टोकाला: कोळंबीवाले वापरतात ते ६० मेशचं नायलॉन कापड, छिद्र पाव मिलिमीटरच्या आसपास. त्याची पिशवी शिवायची, दोन फूट रुंद आणि निदान दहा फूट लांब. लांबी एवढ्यासाठी की पाण्याचा जोर कापडावर पसरला पाहिजे. आखूड पिशवी तासाभरात फुगून शिवणीत फाटते नाहीतर पाइपवरून निसटते. पाइपवर रबरी पट्टी गुंडाळून वर क्लॅम्प. दोन पिशव्या करा, एक धुताना दुसरी लावायची. शिवण आतल्या बाजूने दुहेरी.

त्याहून सोपं म्हणजे वेळ बदला. तळं मेमध्येच भरून घ्या, पहिल्या पुराआधी. तेव्हा धरणात शिवड्याची पिल्लं नसतात. चिलापीची वर्षभर असतात, त्यासाठी पिशवी तरीही लावायचीच. पुढे जून ते ऑगस्ट मोटार बंद, पावसावर भागवायचं.

चुना सरधोपट टाकू नका. आपल्याकडची काळी चुनखडीची जमीन आधीच अल्कलीयुक्त. आधी पाण्याचा सामू (पीएच) बघा, आठच्या आसपास किंवा वर असेल तर चुना नको. सातच्या खाली आला तरच वीस गुंठ्यांना ४० ते ५० किलो.

बीज तीन इंची घेऊ नका, चार इंचांच्या वरची बोटुकली घ्या आणि नग कमी सोडा, हजार पुरे. छोटंच मिळालं तर तळ्याच्या कोपऱ्यात जाळीने कोंडवाडा करून महिनाभर वाढवा, मग मोकळं सोडा. चुकून एखादा शिवडा राहिला असेल तर त्याला मधलं जेवण मिळत नाही.

कोथरूडचा_गळ

चिलापी एवढी सतावते तर एखादा शिवडा मुद्दाम ठेवला तर? ती खाईल आणि शिवड्याला भावही चांगला येतो.

भीमथडी

चिलापीसाठी शिकारी मासा ठेवायची पद्धत आहे, पण ती मरळीवर बसवलेली आहे. शिवडा निवडून खात नाही, जे बारीक आणि जवळ असेल ते खातो. कार्प (कटला, रोहू, मृगळ) पाव किलोच्या वर गेल्यावर, म्हणजे जानेवारीनंतर, फूटभराचे शिवडे सोडले तर गणित बसतं. ते चिलापीची पिल्लं टिपतील आणि कार्पला हात लावता येणार नाही. शिवडे सगळे एका मापाचे हवेत, दोन इंचांचा फरक असला तरी मोठा लहानाला धरतो. वीस गुंठ्यांना दहा-पंधरा नग. मेमध्ये सगळे निघाले पाहिजेत, मोजून सोडले तेवढे मोजून काढायचे. एक कमी भरला तर तळं आटवल्याशिवाय बीज आणू नका.

इंदापूरवाला, गळाला लागलेला मासा धडधाकट असेल तर बाजाराऐवजी धरणातही परत सोडू शकता, तिथलाच आहे. बॅरलमध्ये धरणाचंच पाणी घेऊन न्या, पहाटे गारव्यात, झाकण लावून. झाकण विसरलात तर तो रस्त्यावरच उतरेल.